विद्यमान वापरकर्ते : कोणीही नाही

३० सप्टेंबर १९९३. करजवाडी, तालुका औसा. लोकसंख्या आठशे सव्वीस. भूकंपात मृत दोनशे एकोणीस.

सिंधु कोरे त्या वेळी बारा वर्षांची होती आणि लातूरला मावशीकडे राहून सातवीत शिकत होती, म्हणून ती दुसऱ्या आकड्यात गेली नाही. तिचे वडील रामलिंग सूर्यफुलाच्या राखणीला शेतात झोपले होते, म्हणून तेही वाचले. आई आणि धाकटी बहीण पुनम घरात होत्या. दगडामातीच्या दोन हात रुंद भिंती उन्हाळ्यात घर थंड ठेवतात, याचे गावाला पिढ्यान्‌पिढ्या कौतुक होते.

करजवाडी बहुतांशी लिंगायतांची. या समाजात मृताला अग्नी देत नाहीत. बसवून पुरतात, आणि पुरल्या जागी समाधी राहते. पण त्या आठवड्यात पावसाची झड लागली होती, रोगराईचे भय होते, आणि दोनशे एकोणीस खड्डे खणायला तेवढे धड हात गावात उरले नव्हते. मदतीला आलेल्या जवानांनी पडक्या घरांच्या सागवानी तुळया ओढून काढल्या आणि एकेका चितेवर दहा-दहा जण ठेवले. ज्या तुळयांखाली माणसे मेली, त्याच तुळयांवर ती जळली. अडवायला कोणी पुढे झाले नाही. परंतु माती द्यायची राहून गेली, ही बोच गावाच्या मनातून पुढे कधीच गेली नाही.

पुढल्या वर्षी नवे गाव तीन किलोमीटरवर वसले. घरांना क्रमांक मिळाले, गल्ल्यांची नावे गेली. मग कोणी सांगितले नाही, ठराव झाला नाही, तरी पावसाळ्याच्या तोंडाशी एकेक कुटुंब जुन्या गावी जाऊन आपापल्या घराच्या ढिगाऱ्यावर बेलाचे एकेक रोप लावून आले. समाधी नाही तर बेल. ब्याऐंशी घरांचे ब्याऐंशी बेल. दगडांच्या राशीवर झाड तग धरत नाही, म्हणून होळीपासून मृग लागेपर्यंत जुन्या गावविहिरीतून त्यांना पाणी घालायचे, घरागणिक पाळीने. विहिरीत भूकंपाच्या वेळी गुरे पडून मेली होती. कठड्यावर लाल रंगात ‘पिण्यास अयोग्य’ लिहिलेले होते. माणसांना ते पाणी चालणार नव्हते, पण झाडांना चालत होते.

यात एक अडचण होती. नव्या घरांच्या बदल्यात जुने गावठाण सरकारजमा झाले होते, म्हणजे आपल्याच घराच्या जागी लावलेले झाड कागदोपत्री अतिक्रमण ठरत होते. १९९८ साली अतिक्रमणांची यादी करायला एक कर्मचारी आला. त्याने सरळपणे विचारले, लोकांनी सरळपणे सांगितले. सायंकाळपर्यंत यादीत नऊ झाडे चढली, आणि महिनाभरात ती नऊ तोडली गेली. उरलेली त्र्याहत्तर वाचली, ती केवळ त्या कर्मचाऱ्याचा दिवस संपला म्हणून. तेव्हापासून हातात कागद घेऊन आलेल्या कोणालाही करजवाडीने एकच उत्तर दिले: तिकडं कुणी जात न्हाई.

लेकरांनासुद्धा ते उत्तर पाठ होते. सिंधुलाही होते.

ती लातूरलाच राहिली. त्या वर्षांत लातूरला शिकवण्यांचे पेव फुटत होते. घराघरांच्या माळ्यांवर खाटा पडत होत्या, आणि भूकंपात घरदार गमावलेली मुलेही गुणवत्ता यादीत चमकू शकतात, ही गोष्ट शिकवणीच्या जाहिरातींना फार सोयीची होती. सिंधुचा फोटो अशा दोन जाहिरातींत छापून आला. तिने नांदेडला अभियांत्रिकी केली, पर्यावरण विषयात पदव्युत्तर पदवी घेतली, आणि नोकऱ्या नव्हत्या म्हणून तिथल्याच एका मोठ्या शिकवणीत रसायनशास्त्र शिकवू लागली. उत्तरापुढे एकक लिहिले नाही तर ती शून्य गुण देई. मागच्या बाकावरून कोणी म्हणे, “मॅडम, भूक लागली.” दुसरा लगेच म्हणे, “किती? एकक सांग, न्हाई तर शून्य.” तीही हसत असे, पण गुण देत नसे.

शिकवणीचे मालक मुकुल चौसाळकर. नांदेड आणि लातूर मिळून त्यांच्याकडे सहा हजार मुले होती. वडील नांदेडला हॉकी खेळलेले. त्यांच्या नावाने काही मोठे करावे, हा मुकुल सरांचा ध्यास. त्यातून लातूरच्या बाहेर, मुलांच्या वसतिगृहांना लागून, निळ्या कृत्रिम गवताचे मैदान तयार झाले आणि २०१३ च्या वसंतात बारा देशांच्या कुमार संघांची स्पर्धा तिथे ठरली. सोळा दिवस, रोज तीन सामने. स्पर्धेला मान्यता देणाऱ्या परदेशी महासंघाच्या अटींत एक अट अशी होती की आयोजकांनी शाश्वततेचा आराखडा सादर करावा आणि तो राबवायला स्वतंत्र व्यवस्थापक नेमावा. मुकुल सरांनी ते काम सिंधुवर सोपवले. तिच्या नावाचे कार्ड छापून आले : ‘शाश्वतता व्यवस्थापक’.

रामलिंगांनी ते कार्ड उलटसुलट पाहिले. “म्हंजे गं काय करायचं?”

“आप्पा, खेळ झाल्यावर बी जमीन, पाणी, झाडं जशीच्या तशी राहावीत, ते बघायचं.”

“म्हंजे खेळनारे येऊन गेल्याचं कळू नये, आसं?”

“तसंच.”

“मग कशाला बोलवायलेत त्यांना एवढ्या लांबून?” म्हाताऱ्याने कार्ड खिशात घातले, आणि पुढचा आठवडाभर ते गावात ज्याला त्याला दाखवले.

या कृत्रिम गवताची एक गरज असते. सामन्याआधी आणि मध्यंतरात ते चिंब भिजवावे लागते. कोरड्यावर चेंडू उसळतो आणि खेळाडूंची कातडी सोलून निघते. एका भिजवणीला एक टँकर, बारा हजार लिटर. दिवसाला सहा टँकर. त्या वर्षी पावसाने सलग दुसऱ्यांदा ओढ दिली होती. पिण्याचे पाणी वापरण्यास महासंघाची बंदी होती. शहराचे सांडपाणी शुद्ध करणारे यंत्र बंद होते. वसतिगृहांचे धुण्याचे पाणी सिंधुने तपासले. त्यात साबण इतका होता की त्यावर मुले घसरून पडली असती. फेब्रुवारीच्या बैठकीत मुकुल सर म्हणाले, “मॅडम, स्रोत मिळाला नाही तर मान्यता जाईल. आणि मान्यता गेली, तरी तारखा जाहीर झाल्यात, स्पर्धा होणारच, म्हणून पुढारी मंडळी शहराच्या वाटणीचे टँकर इकडे वळवतील. मी थांबवू शकणार नाही. तुम्हीही नाही. कोणत्या गल्लीचे पाणी तोडायचे, एवढेच मग ठरवायचे उरेल.”

ही धमकी नव्हती. ते खरेच बोलत होते, हे सिंधुला ठाऊक होते. ती कागद चाळू लागली आणि तिच्याच तोंडून करजवाडीची जुनी विहीर निघाली. पिण्यास अयोग्य, सरकारी मालकीची, लातूरपासून चाळीस किलोमीटरवर, उन्हाळ्यातही चार पुरुष खोल पाणी टिकवून असलेली.

विहिरीच्या पाण्यासाठी महासंघाकडे करायचा अर्ज चौदा पानांचा होता. डिझेलच्या धुराची भरपाई म्हणून मैदानाभोवती दोनशे झाडे लावायची, असाही एक रकाना त्यात होता आणि तिने तो भरला. अकराव्या पानावर होते : ‘प्रस्तावित स्रोताचे विद्यमान वापरकर्ते’, आणि खाली तीन स्थानिक रहिवाशांच्या सह्यांसाठी जागा. त्याच पानावर दुसरी अट होती. स्रोतातून घेतलेले पाणी मैदानाखालच्या टाक्यात गोळा करून, गाळून, स्पर्धेनंतर सहा महिन्यांत मूळ स्रोतात परत सोडायचे. ही अट वाचून सिंधुला धीर आला. उसने घेऊन परत करायचे पाणी, एवढेच ते होते. वीस वर्षांच्या बेलाची मुळे खोल गेलेली असतात, एक उन्हाळा ती काढतील, असा हिशेबही तिने मांडला. तो चुकीचा होता. बेलांखाली जमीन नव्हती, घरांचे दगड होते. आणि त्या दगडांतून मुळे ज्या ओलाव्यापर्यंत पोचली होती, तो विहिरीच्याच झऱ्यांचा होता. हे तिला पुढे कळले.

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात ती अर्ज घेऊन करजवाडीला गेली. जुन्या गावाच्या वाटेवरच उमाबाई भेटली. भूकंपात या बाईच्या घरातले सहा जण गेले होते. तिच्या कमरेवर घागर होती, घागर निथळत होती आणि लुगड्याची एक बाजू भिजून पायाला चिकटली होती. सिंधुने नियमाप्रमाणे विचारले, “उमाकाकू, जुन्या विहिरीचं पानी कोन वापरतंय?”

उमाबाईने तिच्या हातातल्या कागदाकडे पाहिले. “कुनी न्हाई. तिकडं कोन जातंय बाई. साप हायत.”

“काकू, आगं मी हाय. सिंधु. रामलिंगाची.”

“तू हायस गं. पन ह्यो कागद कुनाचा हाय?”

“स्पर्धेचा. चांगल्या कामाचा हाय. तू खरं सांगितलंस तर मी लिहिते: त्र्याहत्तर घरं झाडांना पानी घालतात.”

“आन मग?”

“मग ते तुमच्या विहिरीचं पानी घेनार न्हाईत.”

“आन झाडं?”

अर्ज जिल्ह्याच्या कार्यालयातून मंजूर होऊन जायचा होता. गावठाण सरकारी, झाडे अतिक्रमित. ज्या दिवशी त्र्याहत्तर हा आकडा अकराव्या पानावर चढेल, त्या दिवशी तो दुसऱ्या यादीतही चढेल. हे तिला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. उमाबाईने घागर या कमरेवरून त्या कमरेवर घेतली आणि जरा चढ्या आवाजात, जणू आणखी कोणी ऐकत असावे तशी म्हणाली, “मी सांगितलं की. साप हायत. लई मोठे हायत. लिही तसं.”

रामलिंगांचे उत्तर लांब होते, तरी अर्थ तोच होता. ते ओट्यावर बसले होते. “खरं लिहिलीस तर झाडं जातेत. खोटं लिहिलीस तर पानी जातंय. आसंच हाय न्हवं?”

“पानी परत येतंय आप्पा. अटच हाय तशी. सा म्हयन्यात.”

“कोन आननार?”

“मी. माझंच काम हाय ते.”

“तुजं काम हाय म्हनतीस, मग काय प्रश्न.” त्यांनी कागद मांडीवर घेतला, चष्मा लावला आणि पहिली सही केली. “तुज्या आईच्या झाडाची पाळी यंदा आपली बुधवारी हाय. पानी आसंपत्तोर घालतो. मग तुजं येईल तवा.”

उमाबाईने अंगठा दिला. तिसरी सही शेजारच्या गुरुबसप्पांची. सिंधुने रकान्यात लिहिले : ‘कोणीही नाही’. आपल्या हस्ताक्षरात आणि तीन साक्षीदारांसह. आयुष्यात तिने लिहिलेले हे पहिले उत्तर, ज्यापुढे एकक लिहावे लागले नाही.

या प्रसंगाकडे पाहताना गावाला दोष देणे सोपे आहे, आणि सिंधुला देणे त्याहून सोपे. पण ज्यांनी एकदा खरे सांगून नऊ झाडे गमावली, त्यांना खोटे बोलण्यावाचून दुसरे संरक्षण उरलेले नव्हते. त्याच संरक्षणाने या वेळी त्यांचे तोंड बंद केले. विहीर आमची आहे, असे म्हणायचे तर आधी आम्ही ती वापरतो असे म्हणायला हवे होते. एप्रिलमध्ये पंप बसला तेव्हा सबंध गाव कडेला उभे राहून पाहत होते, आणि हरकत घ्यायचा अधिकार त्यांतल्या एकालाही नव्हता.

स्पर्धा सुरू झाली. सिंधु रोज सकाळी मैदानावर मोजमाप घेई. पाण्याचे फवारे उडाले की निळे गवत आरशासारखे चमके आणि वसतिगृहाच्या गॅलऱ्यांत बादल्या घेऊन रांगेत उभी असलेली मुले ते पाहत राहत. एकदा एक पोरगी वरून ओरडली, “मॅडम, आमच्याबी अंगावर दोन मिनिटं सोडा की!” गॅलरीभर हशा पिकला. सिंधुने वर पाहिले नाही.

अकराव्या दिवशी दुपारी टँकरवाल्या भुजंगचा फोन आला. “मॅडम, पंप हवा वढायलाय.”

“म्हणजे?”

“म्हंजे पायपाच्या तोंडाचा फुटवॉल उघडा पडलाय. खाली गाळ हाय, दुसरं काय न्हाई. आजचा सहावा टँकर अर्धाच भरलाय. आनू का जाऊ दे?”

“झरे आहेत ना तिथं?”

“आसतेल की. पन झऱ्याला बी सवड द्यावं लागतंय मॅडम. दिसाला सा खेपा म्हनल्यावर ते तरी काय करतेल.” मग तो म्हणाला, “एक म्हातारी बसलीय इथं काठावर. काय बोलंना झालीय. नुस्ती बघायलीय. तुमच्या वळखीची हाय का?”

सिंधुने पंप बंद करायला सांगितले. तोपर्यंत पासष्ट टँकर आणि एक अर्धा, म्हणजे सात लाख शहाऐंशी हजार लिटर पाणी उपसले गेले होते. उरलेल्या दिवसांसाठी टँकर शहराच्या पाण्यातून आले, आणि महासंघाला ते कोणी कळवले नाही. कोणत्या गल्ल्यांची पाळी चुकली, हे तिने कार्यालयात दोनदा विचारले. तशी नोंद ठेवत नाहीत, असे तिला सांगण्यात आले. म्हणजे जे टाळण्यासाठी तिने विहीर दिली होती, तेही टळले नाही.

समारोपात महासंघाच्या प्रतिनिधींनी पाण्याच्या जबाबदार वापराबद्दल आयोजकांना मानपत्र दिले. मुकुल सरांनी सिंधुला मंचावर बोलावले, आणि ती गेली. का गेलीस, असे पुढे तिने स्वतःला अनेकदा विचारले. हाक मारली म्हणून गेले, याहून चांगले उत्तर तिला सापडले नाही.

जूनमध्ये तिने परतीच्या पाण्याचा विषय काढला. मैदानाखालचे टाके भरलेले होते. मुकुल सरांनी खिडकीतून वसतिगृहाकडे बोट दाखवले. “ते पाणी आम्ही मुलांच्या संडासांना जोडले, मॅडम. अहवालात ‘पुनर्वापर’ म्हणून गेले. महासंघाने त्याचे जादा गुण दिले.”

“पण सर, अट परत करण्याची होती.”

“परत किंवा पुनर्वापर. बाराव्या पानावर आहे.” ते वाईट वाटून बोलत होते. “चार हजार पोरे आहेत तिथे. तुम्हीही अशाच पोरांतून वर आलात. सापांच्या विहिरीत पाणी ओतू की यांना देऊ? तुम्हीच लिहिलेत, तिथे कोणी नाही.”

बाराव्या पानावर तसे होते. सिंधुने ते वाचलेले होते. अकराव्या पानाच्या भरवशावर तिने बाप आणि गाव यांना शब्द दिला आणि पुढचे पान तिच्या डोळ्यांखालून गेले, पण मनात उतरले नाही. ज्या बाईने आठ वर्षे मुलांना प्रश्नपत्रिका शेवटपर्यंत वाचायला शिकवले, तिची ही चूक होती.

पाऊस त्या वर्षी आला, पण उशिरा आणि तुटक. विहिरीला दोन हात पाणी आले आणि दिवाळीपर्यंत गेले. उपशाने झऱ्यांची तोंडे गाळाने बुजली होती. पुढल्या उन्हाळ्यात सिंधु करजवाडीला गेली तेव्हा जुन्या गावात वाळकी काटकुळी उभी होती. रामलिंगांनी तिला हाताला धरून एकेका घराच्या जागेवर नेले. त्र्याहत्तरांपैकी चौपन्न बेल वाळले होते. आईच्या आणि पुनमच्या नावाचा बेल त्यांत होता. त्याची फांदी त्यांनी वाकवली, ती कडकन तुटली.

“आप्पा, मला काही तरी बोला.”

“काय बोलू? तू लिहिलंस ते आमीच म्हनलो हुतो. खोटं तुजं न्हवतं.” मग तुटलेली फांदी बुंध्याशी ठेवून ते म्हणाले, “उमाबाई आता येत न्हाई इकडं. खरंच येत न्हाई. कागदावरचं खरं झालं बग.”

सिंधुने नोकरी सोडली. तिने महासंघाला सुधारित निवेदन पाठवले : विद्यमान वापरकर्ते, त्र्याहत्तर कुटुंबे, वापर, मृतांच्या झाडांना पाणी. तीन महिन्यांनी उत्तर आले. भाषा सौजन्याची होती. स्पर्धेची नोंद पूर्ण होऊन बंद झालेली आहे. ती पुन्हा उघडायची असल्यास संबंधित कुटुंबांनी त्या जागेवरील आपला हक्क सिद्ध करणारी कागदपत्रे जोडावीत. असे कागद करजवाडीत कोणाकडेही नव्हते. नव्या घरांच्या बदल्यात ते १९९५ सालीच दिले गेले होते. उरलेल्या एकोणीस झाडांच्या घरांनी सिंधुला निरोप पाठवला की आता पत्रे लिहू नकोस, आमची तरी राहू दे.

तिने लिहिणे थांबवले. ती आता नांदेडला एका शाळेत शिकवते.

करजवाडीच्या विहिरीतून अकरा दिवसांत सात लाख शहाऐंशी हजार लिटर पाणी नेण्यात आले. त्यातले एक लिटरही आजवर परत दिलेले नाही.